भिंतीतला मोजा

"माझं नाक हे नाक नाही, न्यायालय आहे," हाल्डोर योनासन म्हणायचा आणि थोडा थांबायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाक्य लिहून घेता यावं. "गुन्हा या नाकासमोर आला की आपण होऊन कबूल होतो. अशी बुद्धी शतकात एकदाच जन्माला येते. ती गिमलीत आली, हे गिमलीचं भाग्य."

ही बुद्धी एकतीस वर्षं विनिपेग सरोवराच्या काठी मासे तपासण्याच्या नोकरीत होती. मासा ताजा की शिळा, एवढंच त्या न्यायालयापुढे येई, आणि मासे अपील करत नसल्यामुळे सगळे निकाल कायम राहिले. निवृत्त झाल्यावर हाल्डोरनं 'गुप्त तपासनीस' अशी कार्डं छापून गावभर वाटली. त्यामुळे त्यातलं गुप्त तेवढं संपलं.

त्याची बायको सोल्वेग शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. "आधी मोजा, मग बोला," हे तिचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. घरात ते म्हणणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

जानेवारीत, बाहेर उणे एकतीस असताना, हाल्डोरनं घरातल्या बोळाच्या भिंतीवरचा, तळघरातली भट्टी चालू-बंद करणारा जुना गोल थर्मोस्टॅट काढून तिथे आकडे दाखवणारा नवा बसवला. जुन्यातला पारा सोल्वेगनं जपून बरणीत बंद केला. हाल्डोरचं लक्ष तिकडे नव्हतंच. जुन्या यंत्रामागे, तारा येतात त्या भोकात, त्याला लोकरीच्या मोज्याचा बोळा सापडला होता. त्यानं तो चिमट्यानं उपसून काढला आणि कुणाला दिसायच्या आत पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद केला.

"पुरावा क्रमांक एक," तो म्हणाला. "डाव्या पायाचा मोजा. माणूस सहा फुटांचा, लंगडा, आणि घाईत पळालेला."

"घाईत पळालेला माणूस मोजा भिंतीत कोंबत बसेल?" सोल्वेगनं विचारलं.

"म्हणूनच तर तो इतकी वर्षं सापडला नाही."

त्याच संध्याकाळपासून घर गार पडलं. नव्या यंत्रावर बावीस झळकत होते आणि भट्टी मिनिटभर घुरघुरून गप्प बसत होती. सोल्वेगनं जेवणाच्या टेबलावर साधा तापमापक ठेवला. त्यात सोळा.

"तापमापक खोटं बोलतोय," हाल्डोर म्हणाला.

"त्याला बोलता येत नाही, हाल्डोर. म्हणून तर माझा त्याच्यावर विश्वास आहे."

मागच्या खोलीत सोल्वेगची मावशी राहायची. रुना मावशी, वय चौऱ्याऐंशी. घर मूळचं तिचंच, तिनं ते भाचीला दिलेलं. ती आता जाड कोट घालूनच कॉफी प्यायची, साखरेचा खडा दातात धरून. "मावशी, थंडी वाजतेय का?" विचारलं की उत्तर एकच, "छान आहे की." गिमलीत थंडीबद्दल कुरकुर करणं म्हणजे पाहुण्यासमोर जांभई देण्यासारखं.

हाल्डोरचा पहिला संशय शेजारच्या बाल्डुरवर गेला. त्याच्या छपरावरचं बर्फ वितळलं होतं, अर्थात इकडची ऊब तिकडे पळवली जात होती. हाल्डोरनं दोन दिवस पडद्याआडून पाळत ठेवली. बाल्डुरनं दोन्ही दिवस त्याला हात केला. तिसऱ्या दिवशी छपरावर बर्फ ओढायचं फावडं दिसलं.

मग संशय भट्टीवर गेला. तिची त्यानं अर्धा तास उलटतपासणी घेतली. ती घुरघुरली, पण काही कबूल केलं नाही.

आठव्या दिवशी त्याला गुन्हेगार सापडला. रुना मावशी बोळात, यंत्राखाली भिंतीला तळवे लावून उभी होती.

"मावशी, तुम्ही!" हाल्डोर गरजला. "हातांच्या उबेनं यंत्राला फसवता? आम्ही गारठावं म्हणून?"

मावशीनं हात कोटाच्या खिशात घातले आणि ती खोलीत निघून गेली. दुपारी तिनं सेल्कर्कच्या वृद्धाश्रमाला फोन केला. शुक्रवारी गाडी येणार होती.

सोल्वेग तिच्या पलंगावर जाऊन बसली. "मावशी, त्याचं मनावर घेऊ नकोस गं. मूर्ख आहे तो."

"ते मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं," मावशी बॅगेत स्वेटर ठेवत म्हणाली. "पण चोर म्हणून मी कुणाच्या घरात राहत नाही. माझ्या स्वतःच्या तर नाहीच नाही."

गुरुवारी हाल्डोरनं सगळ्यांना बैठकीच्या खोलीत जमवलं. बाल्डुरही आला. आलुबुखाराच्या थरांचा केक आहे असं त्याला कळलं होतं.

"या कटात," हाल्डोर येरझारा घालत म्हणाला, "दोन माणसं आहेत. एक ही वृद्धा. दुसरा तिचा लंगडा साथीदार. त्याचा मोजा, पाहा!" आणि त्यानं डबा उघडला. राखाडी लोकर, टाचेवर लाल पट्टी.

"अगं बाई," रुना मावशी म्हणाली, "हा तर माझा मोजा."

"कबुली!" हाल्डोर ओरडला. "लिहून घ्या!" बाल्डुरच्या तोंडात केक होता.

"मीच विणलेला. जुना थर्मोस्टॅट बसवला तेव्हा घर असंच गारठायचं. त्या भोकातून तळघरातल्या भट्टीची ऊब सरळ वर येते. यंत्राला वाटतं घर तापलं, आणि ते भट्टी बंद करतं. म्हणून मी तिथे मोजा कोंबला." ती थांबली. "हल्ली तिथली भिंत कोमट लागायची. मी हात शेकत होते, दुसरं काय?"

सोल्वेग उठली. तिनं नवं यंत्र भिंतीवरून उचकटलं आणि भोकासमोर तापमापक धरला. पारा सरसर चढून अठ्ठावीसवर गेला. हे आठवड्याभरापूर्वीच करायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. ती मोजत होती खरी, पण टेबलावर.

"मावशी, मोजा सापडल्याचं हा घरभर सांगत होता. तेव्हाच का नाही बोललीस?"

"हा म्हणाला, मोजा सहा फुटी लंगड्याचा आहे. मला वाटलं, दुसरा असेल."

मोजा परत भोकात गेला, यंत्र परत भिंतीवर. यंत्रावरचे आकडे बावीसवरून उतरत उतरत सोळावर आले. तळघरात भट्टी धडधडली आणि या खेपेला थांबली नाही.

"थोडक्यात," हाल्डोर घसा खाकरून म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सगळं रहस्य मोज्यात आहे."

बाल्डुरनं चावणं थांबवलं. सोल्वेग नवऱ्याकडे बघत राहिली. वर्गात परीक्षानळी फोडणाऱ्याकडे ती असंच बघायची, त्यानं स्वतःहून सांगेपर्यंत.

"मावशी," हाल्डोर शेवटी बुटांकडे बघत म्हणाला, "चूक झाली माझी."

"मोठ्यानं. बाल्डुरला ऐकू आलं नाही."

"चूक झाली!"

मावशीनं सेल्कर्कला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. मग बऱ्याच वेळानं ती उठली, कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि कोट दाराजवळच्या खुंटीला टांगला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

हाल्डोरनं वहीत नोंद केली होती, 'प्रकरण निकाली. गुन्हेगार: मोजा.' सोल्वेगनं लाल पेन घेतलं आणि वह्या तपासायच्या जुन्या सवयीनं पुढे एक शब्द लिहिला, 'काढणारा.'