काकू काय म्हणाल्या?

अन्याय भाऊकाका आणि सुधाकाकूंवर झाला, गेल्या मंगळवारी सकाळी, देवासला, टेकडीखालच्या आमच्या गल्लीत, सगळ्यांच्या देखत. मोहल्ला समितीनं त्यांच्या दारातला ओटला फोडला. म्हणे, गाड्या लावायला जागा हवी. खोटं! भाऊकाका त्या ओटल्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांची परीक्षा घेतात, हे त्यांना खुपत होतं.

लकव्यानं काकूंची वाचा गेली, उजवा हात गेला. उरल्या भुवया, डावा हात आणि एक 'हं'. काका त्यांना ओटल्यावर बसवायचे आणि दिसेल त्याला अडवायचे. "थांब! ही काय म्हणतेय, सांग."

दूधवाला गांगरायचा. "पानी मांग री हैं, काकासाब?"

"चूक! सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, ती काय म्हैस आहे? तोंडाकडे बघ नीट!"

काकू भुवई उडवून पुन्हा हात हलवायच्या.

"अच्छा... दूध पतला है, ये बोल री हैं?"

काकू खदखदून हसायच्या. बरोबर उत्तराला मूठभर शेव.

समितीचे अध्यक्ष पहिल्याच फेरीत नापास. मोबाइलमधून मान वर काढतील तर ना! काका म्हणाले, "भिया, डोकं एकट्यात ठेवलं की गंजतं. माणसांवर घासावं लागतं." झालं, म्हातारा पागल ठरला. पागल! बोलता येणारी माणसं एकमेकांचं किती ऐकतात, ते समितीच्या बैठकीत येऊन बघा.

ओटला फुटला तेव्हा मीही काकांवरच चिडले. "काका, काकूंचं सगळं तुम्हाला कळतं. मग दुनियेला कशाला पिडता?"

ते काकूंच्या पदरावरची विटांची धूळ झटकत होते. "मला एकट्यालाच कळतं, हीच तर भानगड. मी आधी गेलो तर? हिला थंडी वाजतेय की पाठ दुखतेय, कुणाला कळणार? म्हणून गल्लीला शिकवतोय. दूधवाला पास झाला. भाजीवाली काठावर आहे."

काकूंनी त्यांची बाही ओढली, भुवई उचलली. मला काहीच कळलं नाही. या वेळी काकांनी मला विचारलंही नाही.

समितीला ओटला परत बांधायला आम्ही लावूच. तोवर तुम्ही, हे वाचणारे, संध्याकाळी आपापली खुर्ची घेऊन त्यांच्या दारात या. काकूंसमोर बसा, चुका, काकांची बोलणी खा. पण त्या काय म्हणताहेत ते कळल्याशिवाय उठू नका.