मिटलेली भावकी

चामटोलीत हरिचंद्राइतका कॉम्प्युटर कुणाला येत नाही, असं हरिचंद्र स्वतःच सांगत असे, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. दिवसा तो अंबरनाथच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि घरी भावकीची फाईल. अकरा हजार ओळी! एकेका थोरल्याच्या नावाखाली त्याचे धाकटे भाऊ, त्यांच्या वेगळ्या चुली, शिवाय कोण कुठल्या लग्नात कशावरून रुसला तेही.

नावाशेजारचा बाण दाबला की खालचं सगळं मिटायचं. पण फाईल इतकी फुगली होती की एक घराणं मिटेपर्यंत चहा निवायचा. लेकीचं, जिज्ञासाचं लग्न तोंडावर आलं तेव्हा हरिचंद्राने कंबर कसली.

"दर वेळी हा खालची सगळी माणसं मोजत बसतो," तो बायकोला, भावनाला म्हणाला. "आता फक्त थोरला दिसणार. खालचे कुणी उघडले तरच मोजायचे."

"मोठे लोक असंच करतात," भावना म्हणाली.

रविवारी जमलं. बाण दाबताच पापणी लवायच्या आत अख्खी भावकी गुडूप. खुशीत त्याने तशीच नऊ नावांची यादी छापली आणि पत्रिका वाटायला निघाला. थोरल्या लेकीच्या लग्नात वाटपाला चार दिवस लागले होते, या वेळी एका सकाळीत काम फत्ते. हाही त्याला फाईलचाच गुण वाटला.

संध्याकाळी चिमीआत्या दारात उभी.

"आमच्या अकरा चुली, आन् पत्रिका एक? वेगलं निघताना पंच तूच बसवलंस ना? आता हलदीला तुजे नऊ थोरलेच नाचव."

नऊ म्हातारे, त्यांतल्या तिघांचे गुडघे गेलेले. जिज्ञासाची हळद अशी सुनी जाणार, हे हरिचंद्राला दिसू लागलं. त्याने यादी पुढे केली. आत्याने ती चष्मा लावून वाचली.

"यात तुजा नाव कुठं हाय रं?"

त्याने दोनदा शोधलं. तो थोरल्या भावाच्या, धर्मेशदादाच्या खाली मिटला होता.

मग चार दिवस रजा टाकून तो दारोदार अक्षता देत, हात जोडत फिरला. टोमणे ऐकले, पण हळदीला सगळ्या चुली आल्या. भावना पंगतीची पानं मोजत होती.

"माझं पान धरलंस ना?" दमलेल्या हरिचंद्राने विचारलं.

"तुम्ही धर्मेशदादांच्या खाली," ती मान वर न करता म्हणाली. "कुणी उघडलं तर मोजेन."