होस्ट्याच्या पांढऱ्या काठाची मोहीम

सकळांस विदित व्हावे की, एका भिंतीच्या दो अंगांस दोन जावांची राज्ये सुखे नांदत होती, आणि उभयतांच्या सावलीतल्या ओट्यांवर होस्टा नामे रुंद पानांचे, पांढऱ्या काठाचे झाड एकेका कुंडीत विराजमान होते. थोरल्या बाईसाहेबांचे बाजारातून खरीदलेले. धाकट्या बाईसाहेबांस मात्र कैलासवासी सासूबाईंनी स्वहस्ते बहाल केलेले, आणि ते शल्य थोरल्यांच्या काळजात रुतून होते.

मग भिंत रंगवावयास रंगाऱ्याची स्वारी आली, आणि त्याने कुंड्या हलविल्या, आणि परत ठेविताना मुलूख बदलला की न बदलला, हे त्यासही उमजेना. पुढे थोरल्यांकडील झाड ऐसे फोफावले की धाकट्यांस अदलाबदलीचा संशय आला. दोघींचे यजमान वकिलीस धाडले, ते पाने पाहून "दोन्ही सारखीच की!" म्हणाले आणि उभय दरबारी मार खाता खाता वाचले. रोपवाटिकेच्या मालकांनी भिंग लाविले, घाम पुसला आणि गिऱ्हाईक आल्याचे निमित्त करून रण सोडिले.

तेव्हा धाकट्यांनी फर्माविले की, सासूबाईंच्या झाडाच्या पानाची पाठ पीठ भुरभुरल्यासारखी असते, बोटाने पुसली जाते. सबब संध्याकाळी जातीने पाहणीस येऊ.

थोरल्यांनी दुपारीच ओटा गाठिला, पान उलटिले, तो पीठ! मग ओले फडके हाती घेतले. पुसले की पुरावा खलास, आणि सासूबाईंचे झाड कायमचे पदरी. एक पान पुसले. दुसऱ्यास हात घातला, तो सासूबाई दुखरे गुडघे धरून या झाडापाशी वाकत, ते डोळ्यांपुढे आले, आणि हात चालेना.

संध्याकाळी धाकट्या कंबर कसून दाखल जाहल्या. थोरल्यांनी तोंड फिरवूनच हुकूम सोडिला, "तुझंच आहे. उचल. एक पान मी पुसलंय, तेही सांगून ठेवते."

धाकट्या लढावयास आलेल्या, त्यांनी खोचलेला पदर सोडिला. मग कुंडीपाशी बसल्या आणि हळूच वदल्या, "ताई, माझ्याकडे हे मरायला टेकलं होतं हो. तुम्ही घालता तरी काय याला?"

येणेप्रमाणे हरीफाने आपल्या मुखे कबुली दिली, आणि थोरल्या बाईसाहेबांची फत्ते जाहली. झाड त्यांच्याच ओट्यावर राहिले, धाकट्यांनी रोज येऊन पाहावे ऐसा तह ठरला. खताचे नाव मात्र सांगितले नाही.