मिस नीलप्रभा यांचा सोलापुरी आवाज

जी गोष्ट मनुष्याने आपल्या कानांनी कधीच ऐकलेली नसते, तिच्याविषयी त्याचे मत सर्वांत दृढ असते, हा मानवी स्वभावाचा एक उदात्त विशेष होय. या विशेषाच्या पायावर अनेक थोर संस्था उभ्या आहेत. त्यांपैकी पंथ, पक्ष व विवाहसंबंध यांचा विचार प्रस्तुत स्थळी कर्तव्य नाही. सन १९३२ साली सोलापूर शहरी जी संस्था विशेष जोमात होती, ती 'मिस नीलप्रभा अभिमानी मंडळ' ही होय; आणि तिच्या भरभराटीस जो नकळत कारणीभूत झाला, त्या राजेसाब दवंडीवाल्याची हकीकत येथे क्रमाने निवेदन करावयाची आहे.

राजेसाब हा पंचेचाळिशीचा, रुंद छातीचा व भरघोस मिशांचा गृहस्थ. दिवसा तो डफ वाजवून शहरात दवंडी देई (चुकलेली म्हैस, आलेली पटकी, बंद राहणारे नळ). सायंकाळी तो 'विजयध्वज' नामक पत्र्याच्या सिनेमागृहात पडद्याच्या डाव्या अंगास तिवईवर बसे आणि मुक्या चित्रपटात मधूनमधून जी अक्षरे उमटतात, ती निरक्षर प्रेक्षकांकरिता मोठ्याने वाचून दाखवी. त्याला स्वतःला अक्षरे वाचता येत नव्हती. परंतु ही उणीव त्याने कधी कर्तव्याच्या आड येऊ दिली नाही. पडद्यावर दोन शब्द आले असता तो पाव घटका बोले, आणि पडदा अक्षरांनी काळा झाला असता 'अरेरे' एवढेच म्हणून थांबे. रसिकांची तक्रार कधी आली नाही.

शहराची रचना लक्षात घेऊन हे कार्य चार भाषांत चाले. प्रथम मराठी, नंतर दखनी, मग कानडी आणि शेवटी मागावाल्यांसाठी तेलुगू. चित्रपट कोणासाठी थांबत नसल्यामुळे नायिकेची प्रेमाची शपथ तेलुगू बाकांपर्यंत पोहोचेतो नायिका बहुधा विहिरीत पडलेली असे. त्यामुळे त्या बाकांवरील मंडळी प्रेमाविषयी पुढे आयुष्यभर गंभीर राहिली, असे निरीक्षण आहे.

नायकाचे बोलणे राजेसाब दवंडीच्या आवाजात उरकून टाकी. परंतु मिस नीलप्रभा पडद्यावर आल्या की तो मिशीवर पालथा हात धरी, मान किंचित तिरपी करी, आणि त्याच्या त्या पिंपासारख्या छातीतून असा काही बारीक, ओला, थरथरता स्वर निघे की गिरणीतला दिवसभराचा खडखडाट लोकांच्या कानांतून धुऊन जाई. सात वर्षे हा क्रम चालला. प्रेक्षकांना राजेसाब दिसत होता, परंतु ऐकू येत होत्या त्या मिस नीलप्रभा.

मंडळाचे संस्थापक बिरप्पा हे गिरणीत तुटलेले सूत जोडण्याच्या कामावर होते. त्यांनी एकदा सर्व तीनशे बारा सभासदांस, मिस नीलप्रभा यांच्या ठायी सर्वश्रेष्ठ काय, असा प्रश्न विचारला. निकाल पुढीलप्रमाणे: डोळे चार, केस दोन, आवाज तीनशे सहा. (त्या वेळेपर्यंत मिस नीलप्रभा यांनी अकरा चित्रपटांत काम केले होते. अकराही मुके होते.)

अशा या सुव्यवस्थित काळात बोलपट आला.

सिनेमागृहाचे मालक शिवलिंगप्पा यांनी मुंबईहून यंत्र आणि एक मोठा कर्णा मागविला व राजेसाबला बोलावून घेतले. "राजेसाब, पुढच्या रविवारी नीलप्रभाबाई स्वतः येणार उद्घाटनाला," ते म्हणाले. "त्यांचा पहिला बोलपट. आता बाई आपलं आपण बोलणार बघ. तिवईची गरज नाही."

"तिवई न्हाय म्हंजे मी बी न्हाय," राजेसाब म्हणाला.

"तू दवंडी देतोस की. याचीच दे."

त्याप्रमाणे स्वतःच्या उच्चाटनाची दवंडी राजेसाबने स्वतःच शहरभर दिली, तीही नेहमीच्या खणखणीत आवाजात. कारण काम ते काम. घरी मात्र तो जेवला नाही. त्याची बायको कमरबी हिने ताट झाकीत सांत्वन केले: "सात वर्सं बाई हून बसलासा. आता चार दिस गडी हून बगा की, जमतंय का."

"तुला न्हाय कळायचं," राजेसाब म्हणाला. "डफ वाजीवला की लोक दार उगडून शिव्या देत्यात. तितं बसलो की रडत्यात."

कमरबीने ताट पुन्हा उघडून त्याच्यापुढे सारले.

मंडळात आनंदीआनंद होता. बिरप्पांनी चौकात राजेसाबच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "राजेसाबमामा, राग नगा मानू. तुमी निस्तं वाचत हुतासा, आवाज तिचाच हुता. आता मदी कुनी न्हाय."

रविवारी सकाळी स्टेशनावर मिस नीलप्रभा उतरल्या. त्यांना टांग्यातून मिरवीत आणले. मोहोळहून मेंढरे भावाच्या हवाली करून आलेला सिदू टांग्याच्या दांडीला लोंबकळत होता. स्त्रीविभागाच्या प्रमुख गोजाबाई यांनी ओवाळले. सिनेमागृहात मुंगीस शिरावयास वाव नव्हता. मिस नीलप्रभा व्यासपीठावर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "सोलापूरकरांनो, तुमच्या प्रेमाबद्दल इतकं ऐकलं होतं. आज भेटून बरं वाटलं."

कोणी टाळी वाजविली नाही.

गोजाबाईंनी पदर सावरला. "ही ती न्हवं," त्या म्हणाल्या.

"तोंड तर त्येच हाय की," सिदू म्हणाला.

"तोंडाला काय करायचं? तोंड माज्या नंदंचं बी असंच हाय."

बिरप्पा पांढरेफटक पडले होते. सात वर्षांत त्यांनी दोन स्थळे नाकारली होती, ती या आवाजापायी. त्यांनी मालकांच्या कानास लागून काही सांगितले. मालकांनी पाहुण्यांस चहाकरिता आत नेले, आणि मंडळाची तातडीची सभा बाकांवरच भरली. तीत एकमताने ठरले ते असे: (अ) शहराची फसवणूक झाल्याचा सकृद्दर्शनी संशय आहे, (आ) तथापि मंडळ न्यायप्रिय आहे, (इ) सबब उमेदवार बाईंची मिस नीलप्रभा या पदासाठी परीक्षा घ्यावी, (ई) परीक्षेस तुलना लागते, म्हणून दुसरा उमेदवार असावा. दुसरा उमेदवार कोण, यावर काही वेळ खल झाला. मग सर्वांच्या नजरा दाराशी डफ घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या, कारण परीक्षेस लावलेले विहिरीवरच्या शपथेचे वाक्य बाकी कोणाला पाठ नव्हते.

परीक्षकांस चेहऱ्याचा मोह पडू नये म्हणून मधोमध एक सतरंजी टांगण्यात आली. तिच्यामागे दोन खुर्च्या ठेवल्या. एकीवर मिस नीलप्रभा बसल्या, दुसरीच्या कडेला राजेसाब. प्रत्यक्ष त्यांच्या इतक्या जवळ तो प्रथमच आला होता.

"चाचा, तुम्ही इथे माझं बोलायचात ना?" मिस नीलप्रभा हळूच म्हणाल्या.

"व्हय, बाईसाब. चुकलं असंल तर माफी करा."

"चूक कसली. मला एकदा सांगा तरी, त्या विहिरीवरच्या प्रसंगात मी काय बोलते?"

राजेसाबने खाली पाहून सांगितले, "नाथ, विहीर खोल खरी, पण माझा शब्द तिच्याहून खोल आहे."

मिस नीलप्रभा यांनी तोंडाला पदर लावला. हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या, "मी त्या वेळी म्हणत होते, माझ्या पायापाशी विंचू आहे, कुणीतरी मारा रे. कॅमेरा चालू होता, कुणी मारेना. म्हणून तर डोळ्यांत पाणी आलं."

"त्या पान्यावर हितं समदं गाव रडतंय."

"तुमचं वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलल्या, "मुंबईत कंपनीवाले म्हणतात, सोलापूरने आवाज मान्य केला तर पुढचे तीन बोलपट देऊ. तिथे कुणाचीच अजून खात्री नाही."

येथे राजेसाबची स्थिती मोठी अवघड झाली. बाई पास झाल्या तर तिवई जाणार. बाई नापास झाल्या तर बाई जाणार. तिवईवर त्याचा जीव होता. परंतु ज्या बाईच्या ओठांवर आपण सात वर्षे बसून राहिलो, त्या ओठांशी बेइमानी करणे त्याला जड गेले. त्याने मनाशी पक्के केले, की आपण वाक्य दवंडीच्या आवाजात म्हणावयाचे. चुकलेल्या म्हशीप्रमाणे.

प्रथम मिस नीलप्रभा यांनी वाक्य म्हटले. सतरंजीपलीकडे कोणी खोकले. मग बिरप्पा म्हणाले, "नंबर दोन."

राजेसाबने श्वास घेतला. म्हशीचे स्मरण केले. परंतु हात आपोआप मिशीवर गेला, मान आपोआप तिरपी झाली, आणि तो काही करण्याच्या आधीच तो स्वर बाहेर पडला. त्या दिवशी त्यात भीती होती, लाज होती आणि माफीही होती. सबब तो नेहमीपेक्षा सरस निघाला. बाकांवरून हुंदके ऐकू आले. गोजाबाई म्हणाल्या, "आली गं बाई माजी."

गुणपत्रिका पुढीलप्रमाणे. उमेदवार क्रमांक एक: शंभरपैकी अकरा (त्यांतील दहा हजेरीचे). उमेदवार क्रमांक दोन: शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण तेलुगू बाकांच्या प्रतिनिधीने कापले; एवढ्या महत्त्वाच्या दिवशी तरी आरंभ तेलुगूतून व्हावयास हवा होता, असे त्याचे म्हणणे पडले. निर्णय असा दिला गेला, की उमेदवार क्रमांक दोन याच अस्सल मिस नीलप्रभा असून, क्रमांक एक या त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या कोणी सुशील स्त्री असाव्यात. त्यांस हार घालून दुपारच्या गाडीने सन्मानपूर्वक रवाना करावे.

सतरंजी बाजूस केली गेली, आणि अस्सल मिस नीलप्रभा यांस मिशा असल्याचे सर्वांनी पाहिले. याने निर्णयात फरक पडला नाही. मंडळ चेहऱ्याच्या मोहापलीकडे गेलेले होते.

"बाईसाब, म्या मुद्दाम न्हाय केलं," राजेसाब म्हणाला.

"ठाऊक आहे," मिस नीलप्रभा म्हणाल्या. "मलाही ऐकून रडू आलं." त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या टांग्यात जाऊन बसल्या. टांग्याला या वेळी कोणी लोंबकळले नाही.

बोलपट त्याच सायंकाळी लागला. मंडळाच्या आग्रहावरून मालकांनी कर्णा बंद ठेवला आणि तिवई जागेवर आली. अशा रीतीने तो बोलपट सोलापुरात तोंड मिटून सहा आठवडे अखंड चालला व जुन्या सर्व मूकपटांहून लोकप्रिय ठरला. मुंबईकडील कंपनीस 'आवाज अमान्य' अशी तार गेली होती. पुढचे तीन बोलपट दुसऱ्या कोणा बाईस मिळाले.

राजेसाबला हवे होते ते सर्व मिळाले, आणि त्याच्या जेवणावरची वासना उडाली ती उडालीच. दर शुक्रवारी दुपारी यंत्र गंजू नये म्हणून मकदूम ऑपरेटर कर्णा जोडून त्या बोलपटाचे एक रीळ चालवून पाही. त्या वेळी रिकाम्या सिनेमागृहात मधल्या बाकावर एकटा राजेसाब येऊन बसू लागला. पडद्यावरच्या बाई बोलत. तो ऐके. मकदूमने एकदा विचारले, "मामू, तुमीच तिचा आवाज की. मग ऐकतासा काय?" राजेसाब म्हणाला, "गप बस, ती बोलतीया."

एके सायंकाळी तिवईवरून त्याने एक वाक्य त्या खऱ्या बाईंसारखे म्हणून पाहिले. एकच. लगेच बिरप्पा उठून उभे राहिले. "मामा, बाईंचा आवाज बसला की काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाने खडीसाखर, ज्येष्ठमध आणि अडुळशाचा काढा राजेसाबच्या घरी पाठविला; वर चिठ्ठी होती, 'मिस नीलप्रभा यांस, प्रकृतीस जपावे.' कमरबीने काढा ठेवून घेतला. राजेसाब पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागला, आणि शहर निर्धास्त झाले.

सोलापूरकरांच्या या भाबडेपणाचे ज्या सुशिक्षित वाचकांस हसू आले असेल, त्यांस एकच नम्र विचारणा आहे. मिस नीलप्रभा यांचा खरा आवाज कसा होता, बारीक की जाड, गोड की कर्कश, याविषयी वर एक अक्षरही लिहिलेले नाही. तरीही त्या बोलल्या तेव्हा आपणांस तो स्वच्छ ऐकू आला, आणि मंडळाने त्यास अकरा गुण दिलेले पाहून आपण मनातून रागावलात. तो आवाज कोणाचा होता, हे आपण आपल्याशी आठवून पाहावे. न आठवल्यास बिरप्पांकडे जावे. तीनशे तेराव्या सभासदाची जागा मोकळी आहे.