जिंजरब्रेडचं रुखवत

नलूमावशींच्या घरी काचेच्या कपाटात शंकरपाळ्यांची एक बैलगाडी आहे. ती त्यांच्या धाकट्या नणंदेच्या लग्नातली. त्या नणंदेची मुलगी आता कॉलेजात शिकवते. गाडीचं एकही चाक निखळलेलं नाही, मुंगी लागलेली नाही. मी कारण विचारलं तेव्हा मावशींनी एका शब्दात सांगितलं, "व्हार्निश."

चिकलठाण्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. माझी नोकरी वर्तमानपत्रात, म्हणून त्या मला 'पेपरवाल्या' म्हणतात. त्यांचं स्वतःचं काम रुखवताचं. लग्नात मुलीकडचे फराळाचे पदार्थ सजवून मांडतात आणि पाहुणे भोवती फिरून बघतात, ते रुखवत. बेसनाच्या लाडवांचा स्तूप, करंज्यांची होडी, चकल्यांची विहीर. ज्याची जशी फर्माईश. नियम एकच. "डोळ्यानं खायचं."

एका लग्नात नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं स्तूपाच्या माथ्यावरचा लाडू उचलला. मावशींनी भर मांडवात त्याचं मनगट धरलं. "ठेवा तिथंच. मुलगी दिली म्हंजी लाडू बी दिला का?" चुलत्यानं मुकाट्यानं ठेवला. त्यात त्याचंच भलं होतं. लाडवाला व्हार्निशचे दोन हात होते.

पुढे थर्माकोलचं रुखवत भाड्यानं मिळू लागलं आणि मावशींकडची कामं आटली. "थर्माकोलची करंजी! नासायची भीतीच नाय, मंग त्यात कला कसली?" असं त्या म्हणत आणि रिकाम्या हातांनी कपाटाच्या काचा पुसत.

यंदा डिसेंबरात त्यांनी मला हाक मारली आणि मोबाइल पुढे केला. मुलगा सुनील जर्मनीत असतो. त्याची पाच वर्षांची मुलगी इरा. तिच्या शाळेतला फोटो होता. लाकडी फळीवर बिस्किटांचं तपकिरी घर, बिस्किटांची झाडं, चांदण्या, शिंगांचं एक सांबर, मधल्या जागेत सुका मेवा.

"हे काय असतंय?"

मी सांगितलं, हे जिंजरब्रेडचं घर. आलं, दालचिनी आणि काकवीसारखा गोड पाक घालून कडक बिस्किटं करतात, त्यांचं घर बांधतात, भोवती गोडधोड मांडतात. नाताळात सगळे जमले की तोडून खातात.

"आलं?" मावशींचं माहेर पिशोर. त्यांचे भाऊ तिथं आल्याचंच पीक घेतात. "मंग ते आपलंच की." त्यांनी फोटोतल्या घरावर बोट ठेवलं. "आन् घर तोडतेत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्या बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिल्या. नाताळच्या सुट्टीत सुनील आणि इरा येणार होते. "मागल्या खेपेला पोरगी माझ्याजवळ बसली बी नाय," त्या म्हणाल्या. "लांबूनच आजी, आजी. औंदा तिला हे करून खाऊ घालते."

माझी उत्सुकता चाळवली. आयुष्यभर खाण्याच्या वस्तूंचं खाणाऱ्यांपासून रक्षण केलेली बाई खाण्यासाठी काही करणार होती.

पिशोरहून सुंठ आली. कणीक, गूळ, तूप, सुंठ असं मळून मावशींनी भिंती लाटल्या आणि ताटं घेऊन आम्ही बेकरीत गेलो. आमच्याकडे नानकटाईचं पीठ लोक घरून नेतात आणि भट्टीत भाजून आणतात, तसंच. बेकरीवाले खालिदभाई ताटाकडे बघत राहिले.

"खाला, ये बिस्कुट है की दीवार?"

"दीवार हाय. वरून छत बी येनारे."

"तो फिर पिल्लर बी डालो ना!"

पहिल्या भिंतीला तडा गेला. दुसरी खालिदभाईंनी स्वतः उभं राहून कडक भाजली. घर पाटावर गुळाच्या पाकानं जोडलं. बर्फ म्हणून संक्रांतीचा काटेरी हलवा पसरला. फोटोतल्या घराला ओटा नव्हता, तो मावशींनी घातला. "मानसं बसतील कुठं?" फोटोतल्या सांबराचा त्यांच्या हातून बैल झाला. तो तसाच राहिला. शेवटी मी व्हार्निशच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"येडा का तू? लेकरू खानारे!"

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी सोसायटीचं गेट-टुगेदर पार्किंगमध्ये होतं. मधल्या टेबलावर पाट. लोक आले, हात मागे बांधून भोवती फिरले, "लई भारी, मावशी" म्हणाले, फोटो काढले आणि समोशांकडे गेले. एका काकूंनी पाटाला सवयीनं हळद-कुंकू वाहिलं. समोसे संपले, गाजराचा हलवा संपला. घराचं कौलही हललं नाही.

"घ्या ना. खायाचंय ते," मावशी म्हणाल्या. लोक हसले.

"नको मावशी, मनगट एकच चांगलं राहिलंय," कुणीतरी म्हणालं.

इरा टेबलाच्या सगळ्यात जवळ उभी होती. तिचेही हात मागे. मावशी तिच्याजवळ वाकल्या. "घे की, बाळा. तुझ्यासाठीच हाय."

इरानं मान हलवली. "पप्पांनी सांगितलंय. आजीचं फक्त बघायचं. घेतलं तर आजी बोलत नाही."

सुनील हसला आणि आम्हा सगळ्यांना गंमत म्हणून सांगू लागला. तो सात-आठ वर्षांचा असताना कुणाच्या तरी लग्नासाठी लाडवांचा मोर तयार होता. त्यानं मोराच्या डोळ्याचा मनुका काढून खाल्ला. "आईनं बोलणंच टाकलं. लग्न पार पडेपर्यंत." लोकही हसले.

मावशी हसल्या नाहीत. "मारलं व्हतं का रे मी?"

"नाही गं. मारलं असतंस तर बरं झालं असतं."

त्या पाटाशी गेल्या. बैलाजवळचा हलव्याचा एक दाणा सरकला होता, तो आधी त्यांनी बोटानं जागेवर लावला. मग दोन्ही हातांनी छप्पर धरलं आणि मोडलं. कडाड आवाज झाला.

मोठा तुकडा त्यांनी इराला दिला नाही. टक्कल पडलेल्या, चाळिशी उलटलेल्या सुनीलच्या तोंडात घातला.

"आई, अगं केवढं कडक आहे!"

"चाव. चाव, माझ्या राजा."

तो चावत राहिला. त्याला बोलता येईना. बिस्किटामुळे की कशामुळे, हे मी नोंदवू शकत नाही. इरानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मग पुढे होऊन एक अख्खी भिंत उपटली. त्यानंतर सोसायटीतली माणसं पाटावर अशी तुटून पडली, की ओटा कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भिंत संपवून इरा आजीला चिकटून उभी राहिली आणि गुळानं बरबटलेले दोन्ही हात तिनं आजीच्या पदराला पुसले. पदर पैठणीचा होता. मावशींनी तो सोडवून घेतला नाही. आणखी थोडा तिच्याकडे सरकवला.