बिर्गिटकाकूंच्या पायाला हात

आमच्या शेजारच्या बिर्गिटकाकूंना वाकून नमस्कार करायला जाऊ नका. आमच्या ईराने केला होता. त्या नव्याने राहायला आल्या म्हणून दिवाळीचा फराळ द्यायला गेलो, सहावीतली पोर संस्कारी निघाली, वाकली. आणि बाईंनी दोन्ही पाय झटकन मागे फेकून तिच्या पाठीवर झेप घेतली. माझा चिवडा सोफ्याखाली, लेक गालिच्यावर पालथी, आणि वर या बाई ओरडतायत, "फाउल!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सणासुदीचं हे काय, बाई!

टेक्ससमधल्या या अख्ख्या शुगर लँड गावात जर्मन ज्युदोवाली आमच्याच कुंपणाला लागून यावी, हे आमचं नशीब. काकू एके काळी जर्मनीकडून खेळायच्या. युरोप, जपान, ब्राझील, जातील तिथे मेडल. डाव एकच: खाली वाकायचं, समोरचीचे पाय कवटाळायचे आणि तिला उताणी पाडायची. उभं आयुष्य त्या एका डावावर घातलं, आणि वरच्या साहेबलोकांनी नियम बदलला. पायाला हात लागला की बाद! पुढच्याच स्पर्धेत काकूंचे हात सवयीने खाली गेले, पहिल्याच मिनिटाला बाहेर काढलं. संपलं करिअर. हे ऐकल्यावर मलासुद्धा संताप आला, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून बाई सगळ्या जगावर चिडून असतात. "काल चालत होतं, मग आज का नाही?" हे त्यांचं पालुपद. कुंपणाच्या रंगावरून कॉलनीच्या असोसिएशनने पत्र पाठवलं, तेव्हा हेच. कूपनची तारीख उलटली, तर बिचाऱ्या कॅशियरला हेच. नवरा तेलकंपनीतली बदली घेऊन गेला आणि यांना मागे ठेवून गेला, तेव्हा मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

मग गॅरेजमध्ये मॅट टाकून ज्युदो शिकवायला लागल्या. पहिली विद्यार्थिनी आमचीच. रोज संध्याकाळी तिकडे धडाधड आपटल्याचे आवाज, आणि मी इकडे पोळ्या लाटतेय. जेवायलाही ईरा कितीदा तिथेच राहायची.

यंदा ईराला कॅलिफोर्नियात कॉलेज मिळालं. काकू महिनाभर माझ्याशी भांडत होत्या. टेक्ससमधली कॉलेजं काय ओस पडलीत? इतकी वर्षं रोज येत होती, मग आता का नाही? कपाळ! माझंच घर रिकामं होत होतं.

निघायच्या सकाळी गाडी भरून झाली. ईरा काकूंच्या दारात गेली आणि सरळ वाकली. मी "अगं, नको" म्हणेपर्यंत तिचे हात त्यांच्या पायांवर होते.

काकूंचे गुडघे सवयीने हलले, पण पाय मागे गेले नाहीत.

ईरा खाली बघूनच म्हणाली, "फाउल ना, काकू?"

काकू नेहमीच्याच चिडक्या आवाजात म्हणाल्या, "आहेच फाउल. पण इतक्यात सोडू नकोस."