नऊशे चारमधला मयत

मान-सोक काकांच्या भिंतीतला स्पीकर सकाळपासून सातव्यांदा बोलला आणि काकांचं टाळकं सटकलं. "रहिवाशांनो, बाटल्यांची झाकणं वेगळी ठेवा. ऐकलंत ना?" यावर दहा सेकंदांत प्रत्येक घरातून "ऐकलं" असं ओरडायचं, असा सोलमधल्या त्या वसाहतीचा नियम होता. तो बहुमताने झाला होता. विरोधात एकच मत पडलं होतं आणि ते कोणाचं, हे बावीस मजल्यांना ठाऊक होतं.

"अकरा वर्षं दुपारची झोप नाही मिळाली मला, मेल्या," काका स्पीकरला म्हणाले. स्पीकर बंद करायची सोयच नव्हती. त्यांनी चादरीची चौपट घडी त्याच्यावर दाबली, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि ठरवलं, आता घसा फोडून ओरडला तरी उत्तर द्यायचं नाही. चादरीतूनही तो कुरकुरत राहिला. काका तीन दिवस दात-ओठ खात गप्प बसले.

चौथ्या दिवशी ते बाटल्या टाकायला खाली उतरले, तर सभागृहात त्यांचाच फोटो, त्याला काळी फीत, पुढे पांढरी शेवंती. लोक मांसाचा लालभडक रस्सा भुरकत होते. शेजारच्या नऊशे तीनमधल्या ओक-बुन मावशी फोटोपुढे दुसऱ्यांदा डोकं टेकत होत्या.

"मी जिवंत आहे," काका गरजले.

"नियमानं नाही, काका," व्यवस्थापक नो नम्रपणे म्हणाला. "तीन दिवस उत्तर नाही आलं की यंत्र माणूस गेला म्हणून लिहितं. परत जिवंत व्हायचं तर घरच्या स्पीकरवर 'ऐकलं' म्हणायचं."

"आत्ता जाऊन म्हणतो."

"पण मयताच्या स्पीकरची तार आम्ही खालूनच तोडतो ना. सकाळीच तोडली."

"तीन दिवसांत एकानं तरी दार वाजवलं का रे?"

सगळे आपापल्या वाडग्यात बघायला लागले. "वाजवणार होतो," नो म्हणाला, "पण त्याला ठराव लागतो."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या नावाचा रस्सा त्यांनी दोन वाडगे ओरपला, कोणाशी न बोलता वर आले आणि महापौरांना तक्रार लिहायला बसले. पहिल्या ओळीत तीन शिव्या झाल्या. दुसरी ओळ लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ भिंतीतून कोणीच काही बोललेलं नाही. पेन हातातच राहिलं आणि काका घोरायला लागले.

संध्याकाळी दार वाजलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारात ओक-बुन मावशी, त्यांच्यामागे सातव्या मजल्यापर्यंत जिन्यात रांग, आणि रांगेच्या शेवटी मान खाली घालून नो.

"काका," मावशी कुजबुजल्या, "मरायला नेमकं काय करावं लागतं हो?"

"तीन दिवस तोंड बंद ठेवावं लागतं," काका म्हणाले. "तुम्हाला नाही जमायचं. ऐकलंत ना?"

"ऐकलं," अख्खा जिना एका सुरात म्हणाला.

काकांनी दार लावून घेतलं.